दुकानात, शोरूममध्ये, मॉलमध्ये नोकरी करताय? पगार आणि तास सांभाळायला युनियन कशी धरायची, अगदी पहिल्यापासून

मी नऊ वर्षं कपड्यांच्या दुकानात काढली, आधी काउंटरला साड्या दाखवायला आणि नंतर एका मॉलमधल्या शोरूममध्ये बिलिंगला. तिथे एकदा स्टॉकटेक झालं, माल कमी भरला, आणि पुढच्या पगारात आम्हा अकराही जणींचे प्रत्येकी १,८५० रुपये गेले. स्लिपवर फक्त 'अदर डिडक्शन'. मी मॅनेजरकडे गेले तर म्हणाला, "बाकी कुणी काही बोललं नाही, तुलाच एकटीला प्रॉब्लेम आहे का?"

खरं तर बाकी दहाजणी आदल्या रात्री बसस्टॉपवर माझ्यापेक्षा जास्त बोलल्या होत्या. पण केबिनमध्ये मी एकटीच होते ना! युनियन म्हणजे काय हे मला तिथे कळलं, पुस्तकातून नाही. कायदा तेव्हाही होता, आजही आहे, पण शनिवारी संध्याकाळी गर्दीच्या वेळी केबिनचं दार लोटून आत जाऊन विचारणार कोण, आणि विचारलं तर सोमवारी त्याची नोकरी शाबूत राहील का, एवढाच प्रश्न असतो. तो सोडवायला युनियन लागते.

आता मी नोकरी सोडून युनियनच्या कामात मदत करते आणि पोरंपोरी सारखे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. महाराष्ट्रातल्या दुकानांपुरतं बोलतेय.

आधी बघा तुमचा मालक कोण आहे

हसू नका, खूप जणांना माहीत नसतं. सुपरमार्केटमध्ये शाम्पूच्या रॅकजवळ उभी असलेली मुलगी ही सुपरमार्केटची नसतेच, ती ब्रँडची प्रमोटर असते, आणि बऱ्याचदा ब्रँडचीही नाही तर कुठल्यातरी एजन्सीच्या पेरोलवर. ट्रॉलीवाला, सिक्युरिटीवाला, हाउसकीपिंगच्या मावशी, यांचे कॉन्ट्रॅक्टर वेगळे. सगळ्यांना एकच टीशर्ट घालतात म्हणून सगळे एका मालकाचे होत नाहीत. म्हणून अपॉइंटमेंट लेटर शोधा, नसेल तर मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन श्रम संहिता लागू झाल्यात, त्यानुसार नेमणूकपत्र द्यावंच लागतं. तरी देत नसतील तर पगार बँकेत कुणाच्या नावाने येतो ते बघा आणि पीएफच्या पासबुकात कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघा, तेवढ्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट पदाची. सहा महिने काम झालं की 'टीम लीडर', वर्ष झालं की 'असिस्टंट स्टोअर मॅनेजर', पगार वाढतो पाचशे रुपये आणि ओव्हरटाइम बंद, कारण "तुम्ही आता मॅनेजमेंटमध्ये आहात." हा जुना खेळ आहे. औद्योगिक संबंध संहितेत सुपरवायझरी काम करणारा आणि महिन्याला १८,००० पेक्षा जास्त मिळवणारा माणूस 'कामगार' धरत नाहीत हे खरं, मॅनेजरही धरत नाहीत. पण कोर्ट खांद्यावरची पट्टी बघत नाही, तुम्ही प्रत्यक्ष करता काय ते बघतं. कुणाची रजा मंजूर करता का? कुणाला कामावर घेता का? का दिवसभर तुम्हीही घड्याच घालता? घड्या घालत असाल तर नाव काहीही असो, तुमचं म्हणणं टिकू शकतं. फक्त रोज काय काम करता त्याचा पुरावा ठेवा.

वही

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि लोक नेमकी हीच टाळतात. एक छोटी वही घ्या, दहा रुपयेवाली. रोज चार गोष्टी लिहा: दुकानात आलो किती वाजता, जेवायला सुट्टी किती ते किती, पंच आउट किती वाजता, आणि खरोखर बाहेर पडलो किती वाजता. शेवटच्या दोन्हींत फरक असतो. आमच्याकडे ९.३० ला पंच आउट करायला लावायचे आणि मग क्लोजिंग, कॅश टॅली, मॅनेक्विनचे कपडे बदलणं, शेवटी बॅग चेकिंगची रांग, असं करत १०.१० व्हायचे. ती चाळीस मिनिटं कुठल्याच मशीनमध्ये नाहीत. माझ्या वहीत होती. रोस्टर लावलं की त्याचाही फोटो काढा, कारण आठवड्याच्या मध्यात रोस्टर बदलतं आणि मग वीकऑफ कुठे गेला ते कुणालाच आठवत नाही.

वहीवरून हिशोब असा निघतो. समजा पगार १५,६०० आहे. २६ दिवसांनी भागला की दिवसाचे ६००, आठ तासांनी भागला की तासाला ७५. रोज दीड तास जास्त थांबता, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ३९ तास. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे १५० गुणिले ३९, झाले ५,८५० रुपये. महिन्याला! मी हा हिशोब पहिल्यांदा मांडून दाखवला तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे आपण तिसरा हिस्सा पगार फुकटात देतोय यांना." त्या दिवसापासून तिने वही सोडली नाही.

आता नियम. महाराष्ट्रात शॉप ॲक्ट म्हणजे जुना १९४८ चा, ज्याचं लायसन्स अजून सगळे 'गुमास्ता' म्हणतात, तो गेला आणि २०१७ चा नवीन आला. त्याच्या मूळ मजकुरात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती, आणि आठवड्याची सुट्टी सलग २४ तासांची. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची परवानगी याच कायद्याने दिली, पण दुकान उघडं म्हणजे माणूस उघडा नाही, प्रत्येकाला आळीपाळीने सुट्टी द्यावीच लागते. वर्षाला ८ किरकोळ रजा, ८ पगारी सणाच्या सुट्ट्या, आणि २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक हक्काची रजा. बायकांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर त्यांची संमती हवी आणि सुरक्षेची व्यवस्था हवी, घरी सोडण्यासकट.

हा कायदा मुळात १० किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने तो आकडा २० वर न्यायला, दिवसाचे तास ९ चे १० करायला आणि तिमाहीचा ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४ वर न्यायला मंजुरी दिली. त्यामुळे मागणीपत्रात आकडा घालताना त्या दिवशी लागू असलेला कायद्याचा मजकूर बघूनच घाला, जुन्या झेरॉक्सवरून नको. माणसं कमी असली तरी हाताशी वेतन संहिता, म्हणजे त्या चार संहितांमधली पगाराची, राहतेच. ती माणसं मोजत नाही, किमान वेतन आणि दुप्पट ओव्हरटाइम छोट्या दुकानालाही सुटत नाही.

स्लिप वाचायला शिका

पहिलं, किमान वेतन. महाराष्ट्रात दुकानांसाठी वेगळे दर आहेत, परिमंडळानुसार (म्हणजे भागानुसार) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गानुसार. त्यात मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे दोन तुकडे असतात आणि विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैला बदलतो. हा बदल स्लिपवर दिसला पाहिजे. दोन वर्षं स्लिपवर तोच आकडा असेल तर काहीतरी गडबड आहे.

दुसरं, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. २१,००० पर्यंत पगार असेल आणि दुकानात १० माणसं असतील तर तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. पीएफ २० किंवा जास्त माणसं असतील तर, दोघांचे बारा बारा टक्के. कापून घेतात आणि भरत नाहीत असंही होतं, म्हणून स्लिपवर विश्वास न ठेवता पीएफचं पासबुक महिन्यातून एकदा उघडाच. बोनस किमान ८.३३ टक्के, दिवाळीला मिठाईच्या बॉक्ससोबत जे पाकीट देतात तो बोनसच असेल असं नाही, विचारून घ्या.

तिसरं आणि माझ्या जिव्हाळ्याचं, शॉर्टेज, म्हणजे माल कमी भरला म्हणून होणारी कपात. वेतन संहितेत स्पष्ट आहे की मालाच्या नुकसानीपोटी कापायचं तर तो माल त्या माणसाच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे, नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे, कापण्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे, आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. दंड असेल तर तो त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर नाही आणि हप्त्याहप्त्यानेही वसूल करता येत नाही. सगळी कपात मिळून पगाराच्या ५० टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये. आता सांगा, अकरा जणींकडून सारखेच १,८५० कापले तर अकराही जणींचा हलगर्जीपणा रुपया न रुपया सारखा होता का? गिऱ्हाइकाने ट्रायल रूममध्ये टॅग तोडून कुर्ता पर्समध्ये घातला त्याला बिलिंगवाली काय करणार? सगळ्यांत सारखा वाटून टाकलेला शॉर्टेज हा ओरडून सांगतो की चौकशी झालेलीच नाही. एवढा एक मुद्दा घेऊन गेलात तरी लेबर ऑफिसमध्ये समोरची बाजू गडबडते.

पैशाच्या दाव्याला मुदत आता तीन वर्षं आहे, किमान वेतनासाठी पूर्वी सहाच महिने होती. आणि दावा तुम्ही स्वतः करू शकता, तुमच्या वतीने युनियनही करू शकते. पगार दिला हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं, तुमच्यावर नाही. युनियनने केला की अर्जावर एकट्या माणसाचं नाव टोचून दिसत नाही, हा मोठा फायदा.

माणसं जमवायची, पण दुकानातली नाही, रस्त्यावरची

गिरणीत एका गेटमधून हजारो माणसं आत जायची, त्यामुळे गेटवर सभा घेतली की झालं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली ती अशा गर्दीच्या जोरावर. आपल्या दुकानात असतात आठ माणसं, त्यातला एक शेठचा गाववाला, एक मॅनेजरचा मेव्हणा. आठ जणांच्या दुकानात युनियन काढायची म्हणजे तिघांना नारळ मिळाला की संपली.

म्हणून दुकानाची युनियन नको, गल्लीची करा. पूर्ण मॉलची करा, बाजारपेठेची करा. हे कसं जमतं ते केरळात बघायला मिळतं. कोळिकोडच्या मिठाई तेरुवू नावाच्या बाजारात विजी नावाची शिवणकाम करणारी बाई, तिने आजूबाजूच्या दुकानांतल्या सेल्सगर्ल्सना एकत्र केलं. सुरुवात पगारापासून झालीच नाही, संडासापासून झाली. दुकानात बायकांसाठी सोयच नव्हती, मग दिवसभर पाणी न पिता राहायचं. त्यातून 'पेणकूट्टु' ही बायकांची संघटना उभी राहिली, पुढे असंघटित कामगारांची नोंदणीकृत युनियन झाली, आणि मग बसायच्या हक्काची लढाई. हो, बसायचा हक्क! कापडाच्या दुकानांत गिऱ्हाईक नसलं तरी बसायला बंदी, भिंतीला टेकलं तरी कॅमेऱ्यात बघून दंड. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून बसायची सोय सक्तीची केली, त्याच वर्षी बीबीसीच्या शंभर बायकांच्या यादीत विजीचं नाव आलं, आणि २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच बदल केला. ज्यांनी दहा दहा तास उभं राहून पायाच्या शिरा फुगवून घेतल्यात त्यांना हे काय आहे ते सांगायची गरज नाही.

आपल्याकडे पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायतही तशीच, एका आडत्याच्या गाळ्यातली नाही तर पूर्ण बाजारातल्या हमालांची. १९६९ चा माथाडी कायदा आला तोही असाच, मालक बदलला तरी माथाडी बोर्डातली हमालाची नोंद टिकते ही त्यातली खरी गंमत.

प्रत्यक्षात सुरुवात कशी करायची? व्हॉट्सॲप ग्रुपने करू नका. कृपा करा, नको. पहिल्याच दिवशी कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं. आम्ही मॉलच्या मागच्या गेटला चहाच्या टपरीवर भेटायचो, लेट शिफ्टवाल्यांचा साडेतीनचा ब्रेक असायचा तेव्हा. प्रत्येकीने आपल्या दुकानातून फक्त एक माणूस आणायचा, जो गप्प बसू शकतो असा. महिनाभर फक्त वह्या ताडून बघितल्या. चपलांच्या दुकानातल्या पोरांना वीकऑफ मिळतो पण शॉर्टेज जास्त कापतात, आमच्याकडे उलटं, हे तेव्हा कळलं. आणि आधी एकच प्रश्न निवडा जो सगळ्यांना लागतो. आमचा होता क्लोजिंगची चाळीस मिनिटं.

नवीन काढायची का असलेल्या युनियनमध्ये जायचं?

माझं स्पष्ट मत, पहिल्यांदाच करताय तर असलेल्या नोंदणीकृत जनरल कामगार युनियनमध्ये जा. नवीन नोंदवायला किमान ७ सभासद लागतात, आणि त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० यातलं जे कमी असेल तेवढे. घटना लिहा, ठराव करा, हिशोब ठेवा, दरवर्षी विवरण भरा. हे जमतं, पण पहिल्या वर्षात सगळी ताकद कागदातच जाते.

युनियन निवडताना पुढाऱ्याचं भाषण ऐकू नका, तीन प्रश्न विचारा. वर्गणीची पावती देता का? आमच्या मॉलमधला माणूस कमिटीत घेणार का? आणि करारावर सही करण्याआधी मसुदा आम्हाला वाचायला मिळणार का? तिसऱ्याला जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे जाऊ नका. परस्पर शेठशी बसून मिटवणारे 'कामगार नेते' सगळ्यांनी बघितलेत, झेंडा कुठलाही असो.

सभासदत्वाचा फॉर्म भरला म्हणून लगेच मॅनेजरला सांगायची गरज नाही. संघटना करणं हा घटनेच्या कलम १९ मधला हक्क आहे.

मागणीपत्र

पहिल्या मागणीपत्रात बारा मागण्या घालू नका. तीन घाला. त्यातली एक अशी असावी की ज्यात मालकाचा खर्च जवळजवळ शून्य आहे, म्हणजे त्याला 'हो' म्हणायला सोपं जातं. आमच्या तीन होत्या: क्लोजिंगनंतरच पंच आउट, चौकशीशिवाय शॉर्टेज कापायचा नाही, आणि बिलिंगमागे दोन स्टुलं. पत्र युनियनच्या लेटरहेडवर, सही युनियनच्या पदाधिकाऱ्याची, कामगारांची नावं नाहीत. एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयाला. पोच घ्या, शिक्का मारून. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा.

२० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवी, मालकाची आणि कामगारांची माणसं समसमान, आणि तक्रारीवर ३० दिवसांत निकाल. बहुतेक दुकानांत ही समिती कागदावरच असते, तरी अर्ज तिथे एकदा द्याच, कारण पुढे लेबर ऑफिसात पहिला प्रश्न तोच येतो. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जाता येतं. छेडछाडीची तक्रार मात्र इथे नाही, त्यासाठी १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती वेगळी असते, २०१३ च्या कायद्याची.

बोलणी कोण करणार हा पुढचा प्रश्न. आस्थापनेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ५१ टक्के कामगार जिच्यामागे तिला वाटाघाटीचा अधिकार, कुणाकडेच तेवढे नसतील तर किमान २० टक्के कामगार ज्यांच्यामागे आहेत अशा युनियनची मिळून परिषद. म्हणून सभासदांची यादी आणि पावतीपुस्तक चोख ठेवा, तीच तुमची मतपेटी.

एक धोक्याची सूचना. सेलच्या शनिवारी सगळ्यांनी मिळून सीएल (किरकोळ रजा) टाकायची, ही आयडिया दर वर्षी कुणाच्यातरी डोक्यात येते. नवीन संहितेत ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर तो संप धरला जातो, आणि संपाला आधी नोटीस लागते, नोटीस दिल्यावर १४ दिवस थांबावं लागतं. समेट चालू असताना तर संप करताच येत नाही. बेकायदेशीर संपाचा दंड तुमच्यावर बसतो. राग आला तरी काळी फीत लावा, जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर उभे राहा, पण हे करण्याआधी युनियनला विचारा.

आमचं तीन बैठकांत झालं. पंचिंगचं मान्य, शॉर्टेजचं लेखी मान्य, जुने पैसे अर्धेच परत मिळाले, ते मला अजून खुपतं. स्टुलं आली. दोन आठवडे त्यांच्यावर कुणी बसलंच नाही, त्यावर बिलाचे रोल ठेवायचो, सवयच नव्हती ना.

करार तोंडी ठेवू नका. कराराची मुदत, कुणाकुणाला लागू, आणि कधीपासून, या तीन ओळी असल्याच पाहिजेत. 'मॅनेजमेंट सहानुभूतीने विचार करेल' अशी ओळ दिसली की ती खोडा, तिचा अर्थ नाही असाच होतो.

काढून टाकलं तर

थेट काढत नाहीत, आधी ट्रान्सफर येते. ठाण्याहून पनवेल, उद्यापासून. मग उशिरा आलात म्हणून मेमो. मग राजीनामा लिहून द्यायला सांगतात, "चांगलं रेफरन्स लेटर देतो" म्हणून. राजीनामा लिहू नका, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नाही. ट्रान्सफर मिळाली तर जागेवर हजर व्हा आणि विरोध लेखी नोंदवा, घरी बसलात तर गैरहजेरीवर काढतील. मेमोला उत्तर द्या, दोन ओळींचं का होईना. युनियनच्या कामासाठी त्रास देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे आणि मागणीपत्राची तारीख आणि ट्रान्सफरची तारीख शेजारी शेजारी ठेवली की बरंच काही आपोआप दिसतं. काढलंच तर समेट अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत जायचं, आणि ४५ दिवसांत तिथे काही झालं नाही तर थेट न्यायाधिकरणात. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवं, पण ते घेताना 'माझी काही तक्रार नाही' असं छापलेलं असतं त्या कागदावर सही करण्याआधी युनियनला फोन करा.

आणि वही, रोस्टरचे फोटो, पावत्या, पत्रांच्या प्रती, सगळं घरी ठेवा. दुकानातल्या लॉकरमध्ये नाही. काढलं त्या दिवशी आत जाऊ देत नाहीत, आणि लॉकरची दुसरी चावी त्यांच्याकडे असते.